आधी स्क्रीन, मग पुठ्ठा : डिझाइन शिक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

मोबाइल हाताळतच मोठी झालेली मुलं आता डिझाइनच्या वर्गात बसली आहेत. त्यांच्या प्रवेशाविषयी, अभ्यासक्रमाविषयी आणि त्यांनी पाठवलेल्या फायलींविषयी नाशिक शहर आणि जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मुलगी अकरावी कॉमर्सला आहे. सहावीपासून टॅबवरच चित्रं काढते, रंग छान भरते. तिला बी.डेस. (डिझाइनची पदवी) करायचंय. क्लासवाले म्हणतात, टॅब कपाटात ठेवा, दोन वर्षं फक्त पेन्सिल. ती ऐकत नाही. आणि लॅपटॉप आत्ताच घ्यावा का?
— एक पालक, गंगापूर रोड

कॉमर्सची अडचण नाही. आयआयटी मुंबईतर्फे होणाऱ्या यूसीड या डिझाइन प्रवेश परीक्षेला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो. मात्र ती लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते, म्हणून पहिली संधी ‘नुसतं बघून येऊ’ म्हणून घालवू नका. परीक्षा तीन तासांची असते. पहिले दोन तास संगणकावर, शेवटचा एक तास चित्रांचा. या शेवटच्या तासात प्रश्न स्क्रीनवर दिसतो, पण उत्तर कागदावर, हाताने काढायचं असतं. एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या) मुख्य परीक्षेत तर हाताने वस्तू घडवायलाही लावतात. म्हणजे क्लासवाल्यांचं पेन्सिलबद्दलचं म्हणणं खरं आहे. टॅब कपाटात ठेवा, हे मात्र पटत नाही.

टॅबवर शिकलेल्या मुलांना रंगाची जाण आणि मांडणीचं धाडस लवकर येतं. कमी पडतात दोन गोष्टी. पहिली, प्रमाण. डोळा काढताना ती चित्र चौपट मोठं करते, चेहरा बघताना लहान करते. त्यामुळे एकाच अंतरावरून अख्खं चित्र तोलायची सवय लागत नाही. दुसरी, रेष. चुकली की पुसता येते हे माहीत असल्याने रेष तुकड्यातुकड्यांत येते, आणि ती मनगटातून येते, खांद्यातून नाही.

रोज चाळीस मिनिटं पुरेत. ए३ कार्ट्रिज कागद उभ्या बोर्डवर लावा. २बी पेन्सिल, खोडरबर नाही. पहिली दहा मिनिटं हात कागदावर न टेकवता लांब रेषा आणि लंबवर्तुळं. पुढची वीस मिनिटं स्वयंपाकघरातली एक वस्तू मूळ मापात, म्हणजे तांब्या १४ सेंटीमीटर उंच असेल तर कागदावरही १४. झाल्यावर पट्टी लावून तपासायचं. उरलेली दहा मिनिटं स्मरणचित्र : सीबीएसवर बसची वाट बघणारी माणसं, प्रत्येकी दोन मिनिटं, घरी आल्यावर आठवून.

टॅबचा उपयोग यानंतर. वस्तूचा फोटो आणि चित्राचा फोटो टॅबवर एकावर एक ठेवून वरचा थर ५० टक्के पारदर्शक करायचा. पोट फुगलंय, मान आखूड झालीय, हे तिचं तिलाच दिसेल. मात्र वस्तूचा फोटो डोळ्याच्या उंचीवरून आणि किमान दीड मीटर अंतरावरून घ्यावा. मोबाइल जवळ नेला की जवळचा भाग अवाजवी मोठा येतो आणि बरोबर चित्रही चुकलेलं वाटतं.

लॅपटॉप आत्ता नको. प्रवेश झाल्यावर कॉलेज यादी देतं, त्याप्रमाणे घ्या. १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी हवीच. वेगळं ग्राफिक्स कार्ड फक्त प्रॉडक्ट डिझाइन किंवा अ‍ॅनिमेशनला लागतं. स्क्रीन पूर्ण एसआरजीबी रंग दाखवणारा आहे ना, हे दुकानात जरूर विचारा. पुष्कळ स्वस्त लॅपटॉप तिथेच हात आखडता घेतात.

प्रश्न : पहिल्या वर्षाची मुलं थ्रीडी सॉफ्टवेअर आमच्यापेक्षा वेगाने चालवतात. पण तीच वस्तू प्रत्यक्ष करायला सांगितली की सांधे बसत नाहीत, खुर्ची गुडघ्याएवढीही होत नाही. फाउंडेशनचा (पायाभरणीचा) अभ्यासक्रम जुना आहे, तो काढून टाकावा असं काही सहकाऱ्यांचं मत आहे. काय करावं?
— एक अधिव्याख्याता, नाशिक

काढू नका, क्रम बदला. फाउंडेशनची कल्पना १९१९ साली जर्मनीत वायमारला सुरू झालेल्या बाउहाउस या कला-डिझाइन शाळेच्या प्राथमिक अभ्यासक्रमातून रुजली : कागद, लाकूड, धातू, सूत हातात घेऊन त्यांचा स्वभाव ओळखायचा. १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी आणि १९६९ मध्ये आयआयटी मुंबईत आयडीसी हे डिझाइन केंद्र सुरू झालं, तेव्हा आपल्याकडेही पायाभरणीचं शिक्षण त्याच वळणाने गेलं. त्या काळी येणाऱ्या मुलाने पतंग बांधलेला असे, सायकलचं पंक्चर काढलेलं असे. वस्तूशी ओळख घरूनच होई, वर्गात त्या ओळखीला नजर द्यायची असे. संगणक आला तो पुढच्या वर्षांचा विषय म्हणून.

आजचा विद्यार्थी उलट बाजूने येतो. त्याने आकार हजारो पाहिलेत, वस्तू उघडून पाहिलेली नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याला त्याच्या ओळखीच्या जागी, स्क्रीनवर, काम द्या आणि दुसऱ्या आठवड्यात तेच काम वस्तूत उतरवायला लावा. दोन्हींतला फरक हाच धडा.

एक नमुना देतो : पुठ्ठ्याचं स्टूल. अट अशी : पाच पदरी पन्हळी पुठ्ठा, गोंद-टेप-दोरी काही नाही, बैठक जमिनीपासून ४२० मिलिमीटर, आणि मोठ्या माणसाने पाच मिनिटं बसायचं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून यंत्रांची मोठी खोकी भंगारात निघतात, त्यामुळे सामानाचा खर्च फारसा येत नाही. सहा जणांमागे एक स्टूल.

पहिला आठवडा : स्टूल संगणकावर करा, प्रत्येक भागाचा सपाट आराखडा काढा, मूळ मापात छापा, तुकडे जोडून भिंतीवर लावा. इथेच निम्म्या मुलांना धक्का बसतो, कारण स्क्रीनवर ऐटदार दिसणारं स्टूल भिंतीवर पाटाएवढं निघतं. आराखड्याशेजारी उभं राहून गुडघ्याची खूण करायला लावा.

दुसरा आठवडा : कापा. नवं पातं, स्टीलची पट्टी, आणि एका दाबात नाही तर तीन हलक्या फेऱ्यांत. एका दाबात कापलं की पन्हळी चेमटते आणि कड मऊ पडते. दोन उभ्या फळ्या एकमेकींत अडकवायच्या तर प्रत्येकीला निम्म्या उंचीची खाच, म्हणजे २१० मिलिमीटर.

काय काय बिघडेल ते आधीच सांगून ठेवतो. पहिलं, खाच. संगणकावर पुठ्ठ्याला जाडी नव्हती, म्हणून खाच एका रेषेची झाली. आता कुणी घाईने १० मिलिमीटरची कापेल आणि स्टूल डुलेल. पुठ्ठ्याची जाडी व्हर्नियरने मोजा. ६.५ आली तर खाच ६ ची. पुठ्ठा थोडा दबतो आणि सांधा घट्ट बसतो. दुसरं, पन्हळीची दिशा. पन्हळी उभ्या असतील तर फळी वजन पेलते, आडव्या असतील तर मधोमध घडी पडते. हे कुठल्याही मॉडेलमध्ये दिसत नाही, कारण तिथे पुठ्ठा नुसता तपकिरी रंगाचा असतो. तिसरं, खाच कडेच्या फार जवळ. बाहेरच्या कडेपासून किमान ५० मिलिमीटर सोडले नाहीत तर बसताक्षणी तो पट्टा फाटतो. पहिली चाचणी माणूस बसवून करू नका. पुस्तकांचे गठ्ठे ठेवत जा आणि कुठे वाकतंय ते मुलांना मोबाइलवर चित्रित करू द्या. हळू केलेल्या चित्रफितीत पहिली घडी कुठे पडली ते नेमकं सापडतं.

मग परत संगणकावर. आता मुलं आपणहून विचारतात, की जाडी बदलली तर सगळ्या खाचा एकदम बदलता येतील का? पॅरामीटर, म्हणजे एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेली सगळी मापं बदलणं, शिकवायची वेळ ही. आधी शिकवला असता तर तो मेनूतला आणखी एक शब्द झाला असता.

पहिल्या फेरीत लेझर कटर बंद ठेवा. मशीन दोन मिनिटांत कापून देतं आणि पन्हळीची दिशा हाताला कळतच नाही. दुसऱ्या फेरीत खुशाल वापरा. ३ मिलिमीटरच्या एमडीएफमध्ये किरण साधारण ०.२ मिलिमीटर खातो, तेवढं माप धरावं लागतं. आणि एक गोष्ट लॅबच्या दारावर लिहून लावा : सनबोर्ड लेझरमध्ये टाकायचा नाही. आपल्या बाजारातला सनबोर्ड बहुतेक पीव्हीसी फोमचा असतो. तो जळला की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. फुप्फुसांना तो घातक आहे, आणि मशीनच्या आरशांना, पट्ट्यांनाही गंज चढतो.

सॉफ्टवेअरचा वेगळा तास वेळापत्रकातून काढायला आमची हरकत नाही. बटणं मुलं व्हिडिओवरून शिकतात, एकमेकांना शिकवतात. आधी काय करायचं आणि मग काय, हे व्हिडिओ सांगत नाही. तिथे शिक्षक हवा, आणि तो संगणकाच्या खोलीत एक व वर्कशॉपमध्ये दुसरा असा वाटून दिलेला नको. एकाच खोलीत कटिंग मॅट आणि लॅपटॉप शेजारी शेजारी असले की बरंच सुधारतं.

प्रश्न : पोस्टरचं काम दिलं की वर्गातली बरीच मुलं एआयने चित्र करून आणतात. बंदी घालावी का? ओळखायचं कसं?
— उपयोजित कला विभागातील एक शिक्षिका

ओळखण्याच्या मागे लागू नका. ‘एआय पकडणारी’ साधनं चुकतात, आणि खरं काम करणाऱ्या मुलावर आळ आला तर तो वर्ग पुन्हा तुमच्याशी मोकळेपणाने बोलणार नाही. ‘पाणी वाचवा’ या विषयावर पोस्टर मागितलं तर यंत्राने केलेलं उत्तर येणारच, कारण प्रश्नातच कुठली जागा नाही, वस्तू नाही, माप नाही.

काम असं द्या : भांडी बाजारातल्या एका दुकानासाठी तांब्याच्या घागरीचं माहितीपत्रक. पहिला टप्पा दुकानात. तोंडाचा व्यास, मानेचा घेर, पोटाचा घेर, उंची, वजन मोजायचं आणि घागर मधोमध उभी चिरली तर कशी दिसेल तो छेद काढायचा. ठोक्याच्या खुणा पोटावर कशा फिरतात आणि मानेजवळ कशा लहान होतात, हे जवळून टिपायचं. एआयच्या चित्रात घागर चमकते छान, पण ठोके नुसते ठिपक्यांसारखे सारखे पडतात आणि जोड कुठे आहे ते चित्राला माहीत नसतं. ज्याने घागर मोजली आहे त्याला ही चूक लगेच दिसते. मग एआय वापरलं तरी हरकत नाही, कारण आता तो त्यातलं खोटं काढून टाकू शकतो.

गुण असे वाटा : निरीक्षण आणि मापं ३०, नाकारलेले किमान दहा पर्याय व प्रत्येकाखाली नाकारण्याचं एका ओळीत कारण २५, अंतिम काम २५, तोंडी २०. तोंडीत एकच गोष्ट करायला लावा : उभं पत्रक समोर बसून पंधरा मिनिटांत आडवं करून दाखव. ज्याने मांडणी समजून केली आहे तो आधी काय हलवायचं हे जाणतो. कोणतं साधन वापरलं, त्याला काय सांगितलं आणि आलेल्यातलं काय ठेवलं, हे अर्ध्या पानात लिहून घ्या. न लिहिल्यास गुण कापा, लिहिल्यास कापू नका. मराठी अक्षरं मात्र चित्रातली कधीच ठेवू देऊ नका. जोडाक्षरं आणि वेलांट्या अनेकदा बिघडलेल्या असतात, ती वेगळी टाइप करून बसवावीत.

प्रश्न : आमच्याकडे पैठणीचा माग आहे. मी डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पदरासाठी मोर कॉम्प्युटरवर पिक्सेलमध्ये काढला, स्क्रीनवर अगदी बरोबर होता. मागावर मात्र लांबट झाला. आणि वडील म्हणाले, यात रंग इतके आहेत की कांड्या (धागा गुंडाळलेल्या नळ्या) ठेवायला जागा नाही.
— एक विद्यार्थी, येवला

तुझा मोर चुकलेला नाही, चौकट चुकली. स्क्रीनचा पिक्सेल चौरस असतो. कापडातली चौकट ताण्याबाण्याच्या, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांच्या, दाटीवर ठरते. समजा ताण्याचे इंचाला ८० धागे आहेत आणि बाण्याचे ६०. तू १२० बाय १२० पिक्सेलचा मोर काढलास, तर रुंदी होते दीड इंच आणि उंची दोन इंच. म्हणून तो ताणला गेला. उंची दीड इंच हवी तर ओळी ९०च हव्यात.

आधी मोज. कार्डाला एक इंच बाय एक इंच खिडकी काप, विणून उतरलेल्या पदरावर ठेव, मोबाइलने जवळून फोटो काढ आणि दोन्ही दिशांचे धागे मोज. मागावर ताणलेल्या कापडावर मोजू नकोस, उतरल्यावर दाटी बदलते. रेशमी अंगावरही मोजू नकोस. पदरातली जरीची तार जाड असते, तिच्या ओळी इंचाला वेगळ्या बसतात. नंतर चित्राची उंची त्या प्रमाणात कमी कर, पण आकार बदलताना ‘निअरेस्ट नेबर’ हाच पर्याय निवड. इतर पर्याय कडेला मधल्या छटा भरतात. वळणं त्यानंतर हाताने, एकेक चौकट बघून दुरुस्त करावी लागतील. मानेचा बाक आणि चोच यांना वेळ दे.

काठाला हीच फाइल वापरू नकोस. पदर खांद्यावरून खाली सुटतो तेव्हा ताणा उभा असतो. काठ नेसल्यावर ताणा कमरेभोवती आडवा फिरतो. म्हणजे नेसल्यावर उभा दिसणारा काठावरचा मोर मागावर आडवा विणला जातो आणि प्रमाणही उलटं होतं.

रंगांबद्दल वडिलांचं बरोबर आहे. पैठणीत प्रत्येक रंगाच्या तुकड्याला वेगळी कांडी लागते. सॉफ्टवेअर कड गुळगुळीत दिसावी म्हणून दोन रंगांमध्ये तीनचार छटा आपोआप टाकतं. ही सोय, म्हणजे अँटीअलायसिंग, बंद कर आणि फाइल इंडेक्स्ड (मोजक्या, ठरलेल्या) रंगात घेऊन रंग सहा-सातवर आण. मग एका ओळीत किती वेळा रंग बदलतो ते मोज. तोच खरा कांड्यांचा आकडा, आणि तो वडिलांना दाखवून ठरव. तुझ्या कॉलेजात ही गोष्ट त्यांच्याइतकी कुणाला कळत असेल असं आम्हाला वाटत नाही.

प्रश्न : माझा ऑफसेट प्रेस आहे. नवीन डिझायनर मुलं हुशार आहेत, पण फायली बघून कपाळाला हात लावायची वेळ येते. मराठी मजकुराचे तर हाल. कॉलेजात हे शिकवत नाहीत का?
— एक मुद्रक, नाशिकरोड

शिकवतात, पण स्क्रीनवरच. ज्या गावात १९२५ पासून सरकारी सिक्युरिटी प्रेस आहे तिथल्या डिझाइनच्या मुलाने चालू छपाई यंत्र पाहिलेलं नसावं, ही खरोखर वाईट गोष्ट आहे. तुम्ही महिन्यातून एकदा दोन तास आठ-दहा मुलांना यंत्राजवळ उभं करा. चार रंगांपैकी एक प्लेट किंचित सरकली की बारीक अक्षराला कशी रंगीत कड येते, ते पाहिलेला मुलगा पुन्हा बारीक मजकूर चार रंगांच्या काळ्यात देत नाही. फक्त काळ्या शाईचे १०० टक्के देतो.

मुलांना द्यायच्या सूचना : रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, स्क्रीनवरचा झगझगीत पोपटी-निळा छापून येणार नाही हे धरून. कापासाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा. फोटो छापायच्या मापात ३०० पीपीआय, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज आर्ट पेपरवर साधारण ३०० टक्क्यांच्या आत, साध्या कागदावर २४०. पाव पॉइंटपेक्षा बारीक रेषा नको.

मराठीचे हाल तीन कारणांनी होतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा कचरा होतो. रूपांतर केल्यावर रफार, ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’, ‘अ‍ॅ’, ‘ऑ’ असलेले शब्द शोधून तपासावे लागतात, तिथेच चुका राहतात. दुसरं, सेटिंग. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडला नाही, किंवा इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमधले इंडिक पर्याय चालू करून दक्षिण आशियाई कंपोझर घेतला नाही, तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. मजकुराची भाषाही ‘मराठी’ ठेवा. फाँटमध्ये सोय असेल तर मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ तेव्हाच येतात. तिसरं, इंग्रजीची सवय. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, म्हणून देवनागरीत ट्रॅकिंग शून्यच. ओळींमधलं अंतर अक्षराच्या मापाच्या दीडपट तरी ठेवावं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला लागतो.

प्रश्न : मुलांना ‘फाइल कुठे सेव्ह केली’ विचारलं तर सांगता येत नाही!
— एक प्रयोगशाळा साहाय्यक

फोनमध्ये फोल्डर उघडायची वेळच येत नाही, शोधलं की सापडतं. पण डिझाइनच्या फाइलला बाहेरचे फोटो जोडलेले असतात आणि ते हलवले की जोड तुटतो. पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून एकच रचना करून घ्या : विषय, त्यात काम, त्यात ‘मूळ’, ‘चालू’, ‘अंतिम’. फाइलच्या नावात तारीख आणि आवृत्ती. सबमिशन फक्त ‘पॅकेज’ करून, म्हणजे फाइल आणि तिला जोडलेलं सगळं एकत्र करून, घ्या, तुटलेले जोड तिथेच लक्षात येतात.

प्रश्न : २०२७ च्या सिंहस्थासाठी दिशादर्शक फलकांचा प्रकल्प घेतलाय. लॅपटॉपवर छान दिसतायत. प्रत्यक्षात चालतील हे कसं तपासायचं?
— विद्यार्थ्यांचा एक गट

लॅपटॉपवरून ठरवू नका. ढोबळ नियम असा : दर तीन मीटर अंतराला अक्षराची उंची २५ मिलिमीटर. तीस मीटरवरून वाचायचं तर २५० मिलिमीटर, तीही शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत. मात्रा-उकारांची जागा वेगळी. देवनागरी आणि रोमन एकाच पॉइंटमध्ये ठेवलं तर देवनागरी बहुतेक फाँटमध्ये लहान दिसते. आकडा नव्हे, डोळ्याला दिसणारी उंची जुळवा. देशभरातून माणसं येतात, त्यामुळे बाण आणि चित्रखूण आधी, मजकूर नंतर.

एक फलक मूळ मापात तुकड्यांनी छापा आणि पंचवटीत रामकुंडाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर गर्दीच्या वेळी दोघांनी धरून उभे राहा. खालची कड अडीच मीटरच्या खाली असेल तर पुढच्या माणसांच्या डोक्यांनी, डोक्यावरच्या बोचक्यांनी तो झाकला जाईल. चष्मा लागलेल्या, पण तो न घातलेल्या माणसाला वाचायला सांगा. मोठी स्नानं पावसाळ्यात असतात, म्हणून नमुना ओला करून आणि रात्री समोरून गाडीच्या दिव्याचा झोत टाकूनही बघा. चकचकीत लॅमिनेशनवर झोत पडला की अक्षरं दिसेनाशी होतात, मॅट घ्या. परवानगीसाठी महापालिका आणि पोलीस, दोन्हीकडे आधी अर्ज करा.